भारत आणि ऑस्ट्रेलिया : तुलना कशाची करायची?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात रात्रीच्या सत्रात केलेलं भाषण. लेखी रूप देताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



वेळापत्रकात माझ्या नावापुढे 'क्रिकेट' हा शब्द वाचून सकाळपासून तिघीचौघींनी मला विचारलं, की हे मधेच काय? हुंडा, पोटगी, रेशन, कामाच्या ठिकाणचा छळ असे विषय सोडून हिला बॅटबॉल कुठून सुचला? एकीनं तर स्पष्टच सांगितलं, की क्रिकेट म्हणजे जाहिरातदारांचा आणि देशभक्तीचा बाजार, त्यात आपण पडू नये. तिचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. उरलेल्या अर्ध्याबद्दलच बोलायला उभी आहे.

सुरुवात एका तक्त्यापासून करते. कुठलीही कसोटी जवळ आली की वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर एक तक्ता येतो. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा, मधे रकाने : आजवर किती सामने, कोण किती जिंकलं, सर्वोच्च धावसंख्या, फलंदाजीची सरासरी, बळी. आमच्या घरी तो तक्ता वडील मोठ्यानं वाचायचे आणि भाऊ वहीत चिकटवायचा. मी तो चोरून पाठ करायचे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईला वानखेडेवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या बायकांच्या संघांची कसोटी ठरली, तेव्हा त्या जुन्या सवयीनं मी वही घेतली आणि तसाच तक्ता स्वतः आखला. पहिल्या ओळीलाच थबकले.

पहिली ओळ अशी होती. दोन संघांतल्या आजवरच्या कसोट्या : १०. ऑस्ट्रेलिया विजयी : ४. भारत विजयी : ०. अनिर्णित : ६.

कुणीही म्हणेल, तुलना झाली, ऑस्ट्रेलिया वरचढ. पण मी त्या दहा कसोट्यांची सालं लिहून काढली. पहिली १९७७ मध्ये पर्थला. मग १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इथे आला आणि चार कसोट्या झाल्या, चारही अनिर्णित. त्यांतली एक वानखेडेवरच होती. मग १९९०-९१ च्या मोसमात आपला संघ तिकडे गेला, तीन कसोट्या झाल्या, दोन हरलो. त्यानंतरची कसोटी २००६ मध्ये अॅडलेडला. त्यानंतरची २०२१ मध्ये.

म्हणजे १९९१ ते २००६ पंधरा वर्षं, आणि २००६ ते २०२१ पुन्हा पंधरा वर्षं. तीस वर्षांत मिळून दोन सामने. ज्या मुलीनं १९९२ मध्ये पहिल्यांदा बॅट हातात घेतली, ती खेळली, भारताच्या संघात आली असेल, निवृत्त झाली, तिची मुलगी शाळेत जायला लागली, आणि एवढ्या काळात तिला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी खेळण्याची संधी एकदाच होती. पुरुषांच्या याच दोन संघांत १९४७ पासून शंभराहून अधिक कसोट्या झाल्या आहेत. त्यांच्या तक्त्यातल्या सरासरीला काहीतरी अर्थ आहे. आपल्या तक्त्यात सरासरी काढायची कशाची? मिताली राज तेवीस वर्षं भारतासाठी खेळली. तिच्या वाट्याला एकूण १२ कसोट्या आल्या. त्यांतल्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन, एक २००६ ची आणि दुसरी पंधरा वर्षांनंतरची. याच मितालीनं २००२ मध्ये टाँटनला इंग्लंडविरुद्ध २१४ धावा काढल्या होत्या, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी द्विशतक काढणाऱ्या मुलग्याचं पुढं काय झालं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सचिन तेंडुलकर २४ वर्षांत २०० कसोट्या खेळला.

आता कुणी म्हणेल, की ही आपल्याकडची अनास्था, ऑस्ट्रेलियात तसं नसणार. मलाही तसंच वाटत होतं. मेग लॅनिंग ही ऑस्ट्रेलियाची अत्यंत यशस्वी कप्तान, तिनं किती विश्वचषक उचलले याची मोजदाद करावी लागते. तिच्या कसोट्या सहा. एवढ्याच! सबंध जगात बायकांच्या कसोट्या १९३४ पासून आजपर्यंत दीडशेच्या आसपास भरतात. पुरुषांच्या अडीच हजारांच्या वर गेल्या. फरक इतकाच, की ऑस्ट्रेलियाला निदान इंग्लंडबरोबर ठराविक काळानं एक कसोटी मिळत आली. आपल्याला तेही नव्हतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेला डावानं हरवलं आणि त्यानंतर जून २०२१ पर्यंत आपल्या संघानं एकही कसोटी खेळली नाही. जिंकल्याबद्दल साडेसहा वर्षांची सुट्टी!

तेव्हा तक्ता मी फाडला नाही, पण त्यात रकाने वाढवायचे ठरवले. ते रकाने तुमच्यापुढे ठेवते.

पहिला रकाना : खर्च कोण करत होतं?

आपल्याकडे महिला क्रिकेटची स्वतंत्र संघटना १९७३ मध्ये लखनौला स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी आपल्या पुण्यात भरली. संघ किती, तर तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्यापुढची तीस वर्षं त्या बायकांनी जे केलं, त्याला आपल्या भाषेत संघटनबांधणीच म्हणायला हवं. अनारक्षित डब्यातून प्रवास, शाळांच्या वर्गात किंवा वसतिगृहाच्या फरशीवर झोपणं, एका किटमध्ये तिघींनी खेळणं. डायना एदलजी, शांता रंगस्वामी, शुभांगी कुलकर्णी या पिढीच्या मुलाखती वाचा, ही वर्णनं पुन्हा पुन्हा येतात आणि त्या हसत हसत सांगतात. मी स्वतः तेवढ्या वरच्या पातळीवर कधी पोचले नाही, विद्यापीठापर्यंतच माझी मजल. पण कॉलेजच्या खेळ विभागानं आम्हाला मुलांचे टाकून दिलेले पॅड दिले होते आणि ते माझ्या मांडीपर्यंत यायचे, धाव घेताना मी बदकासारखी दिसायचे, ते आठवलं की हसू येतं. रागही येतो, पण तो पुष्कळ उशिरा यायला लागला. चळवळीत आल्यावर.

सुरुवातीच्या वर्षांत ऑस्ट्रेलियातही बायकांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरून दौरे केले. १९३७ मध्ये त्यांचा संघ बोटीनं इंग्लंडला गेला तेव्हा खेळाडूंकडून करार लिहून घेतला होता : दारू, सिगारेट, जुगार बंद, सोबत नवरा किंवा नातलग नको, प्रवासात रात्री दहाला झोपायचं. पैसे त्यांचे, नियम दुसऱ्यांचे. आपल्या वसतिगृहांच्या पाट्या आठवल्या ना?

त्या संघात पुढं बेटी विल्सन नावाची बाई आली. १९५८ मध्ये मेलबर्नला इंग्लंडविरुद्ध तिनं एकाच कसोटीत शतक काढलं आणि दहाहून अधिक बळी घेतले. एका डावात तर सात धावांत सात बळी. त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं, बाई नाही की पुरुष नाही. पुरुषांत ते पहिल्यांदा घडलं १९८० मध्ये, आपल्या वानखेडेवर, इयान बोथमच्या हातून. बोथमचा तो सामना माझ्या भावाच्या वहीत चिकटवलेला होता. बेटी विल्सनचं नाव मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

ऑस्ट्रेलियात बायकांची संघटना मुख्य मंडळात विलीन झाली २००३ मध्ये, आपल्याकडे २००६ मध्ये, आणि तीही आंतरराष्ट्रीय संघटनेचा आग्रह होता म्हणून. म्हणजे अंतर तीनच वर्षांचं. पण विलीन होणं वेगळं आणि वाटा मिळणं वेगळं, हे लग्न झालेल्या बायकांना मी काय समजावणार! २००५ च्या विश्वचषकात आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, ऑस्ट्रेलियाकडूनच हरला. तेव्हा खेळाडूंना एका सामन्याचे हजार रुपये मिळाले, असं मितालीनं पुढं सांगितलं आहे. विलीनीकरणानंतरही तिथून पुढचा रस्ता लांबच होता.

दुसरा रकाना : करार कुणी केला?

इथे मात्र मला ऑस्ट्रेलियाचं कौतुक वाटतं, आणि हे कौतुक त्यांच्या मंडळाचं नव्हे. तिथे क्रिकेटपटूंची युनियन आहे. पुरुष आणि बायका दोघांची मिळून एक. २०१७ मध्ये मंडळ आणि युनियन यांचं वेतनकरारावरून वाजलं. बायकांचं मानधन वाढवायला मंडळ तयार होतं, पण उत्पन्नातला ठरलेला हिस्सा खेळाडूंना देण्याची जुनी पद्धत त्यांना मोडायची होती. ओळखीचा डाव आहे हा. एका गटाला थोडं जास्त द्या आणि दुसऱ्या गटापासून तोडा. कारखान्यातल्या मैत्रिणींना मी नव्यानं काही सांगत नाही. जुना करार ३० जूनला संपला आणि १ जुलैपासून सुमारे २३० खेळाडू बेरोजगार झाले. बायकांचा संघ त्या वेळी इंग्लंडमध्ये विश्वचषक खेळत होता, त्यांना स्पर्धेपुरतं वाढवून दिलं होतं. महिनाभर ताणलं गेलं. बायका बाजूला निघाल्या नाहीत, पुरुषही बायकांना सोडून तडजोडीला बसले नाहीत. ऑगस्टमध्ये करार झाला, त्यात पहिल्यांदा दोघांचा एकच मसुदा होता, आणि पाच वर्षांसाठी बायकांच्या वाट्याची रक्कम ७५ लाख डॉलरवरून ५ कोटी ५२ लाख डॉलरवर गेली. पुढं २०१९ मध्ये बाळंतपणाचं धोरण आलं : बारा महिन्यांपर्यंत पगारी रजा आणि पुढच्या वर्षाच्या कराराची हमी.

हे वाचून मला आमच्या अंगणवाडीताईंचे मोर्चे आठवले. बाळंतपणाची रजा मिळवायला किती वर्षं घासाघीस केली आपण.

आपल्याकडे खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची अशी युनियन नाही. २०१९ मध्ये जी संघटना झाली ती निवृत्त खेळाडूंची. त्यामुळे आपल्याकडे जे मिळतं ते जाहीर होतं, ठरवलं जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये असंच जाहीर झालं, की बायकांना आणि पुरुषांना सामन्याचं मानधन समान : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, वीस षटकांच्या सामन्याला ३ लाख. आनंदाची गोष्ट आहे, मी नाक मुरडत नाही. त्या दिवशी मी पेढे वाटले होते. पण दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसले. कारण समान काम समान वेतन म्हणताना काम किती दिवस मिळतं हेही विचारायला लागतं, हे आपण रोजगार हमीच्या कामावर शिकलो आहोत.

२०२४ हे वर्ष घ्या. त्या वर्षी भारताच्या पुरुषांनी १५ कसोट्या खेळल्या. जो सगळ्या खेळला असेल त्याला कसोटीचे सव्वादोन कोटी. बायकांनी त्या वर्षी एक कसोटी खेळली. पंधरा लाख. दर समान, हजेरी पंधरास एक. शिवाय वार्षिक कराराची रक्कम वेगळीच : २०२२ मध्ये ही समानता जाहीर झाली, त्या वेळी बायकांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख होते आणि पुरुषांच्या सर्वांत खालच्या श्रेणीला १ कोटी. तिची सर्वांत वरची पायरी त्याच्या सर्वांत खालच्या पायरीच्या निम्म्यावर. हे आकडे आपल्या जगण्यापुढे फार मोठे आहेत हे मला कळतं. माझ्या शेजारी बसलेल्या ताईला महिन्याला काय मिळतं हेही मला माहीत आहे. तरी प्रमाण हे प्रमाणच असतं, मग शेतातली मजुरी असो नाहीतर वानखेडे.

तिसरा रकाना : संघात कोण नाही?

हा रकाना दोन्ही देशांना अडचणीत आणणारा. फेथ थॉमस ही ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी समाजातली नर्स. १९५८ मध्ये ती ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळली. तिच्यानंतरची मूळनिवासी बाई कसोटीत आली २०१९ मध्ये, अॅशली गार्डनर. मधे एकसष्ट वर्षं. ही गार्डनर पुढं २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्ध एका डावात ६६ धावांत ८ बळी घेऊन गेली. त्या एकसष्ट वर्षांत अशा किती मुली चेंडू हातात न घेताच म्हाताऱ्या झाल्या असतील?

आपल्या संघाकडे पाहिलं, तर गेल्या वीस वर्षांत एक बदल डोळ्यांत भरतो. पूर्वी मुंबई, पुणे, बंगलोर अशा शहरांतल्या, क्लब किंवा जिमखान्यापर्यंत पोचू शकणाऱ्या मुली जास्त. आता हरमनप्रीत पंजाबातल्या मोग्याची, पूजा वस्त्राकार मध्य प्रदेशातल्या शहडोलची, रेणुका सिंह हिमाचलातल्या खेड्यातली, स्मृती मानधना आपल्या सांगलीची. रेल्वेच्या नोकऱ्यांचा यात मोठा वाटा आहे. डायना एदलजी आणि तिच्या पिढीनं रेल्वेत खेळाडू मुलींसाठी जागा मिळवायला धडपड केली, त्यामुळे 'खेळून काय मिळणार?' या घरच्या प्रश्नाला 'सरकारी नोकरी' असं उत्तर देता यायला लागलं. बापाला पटणारं दुसरं उत्तर त्या काळी नव्हतंच. पण आपल्या शिबिरात बसून मी एवढ्यावर समाधान मानू शकत नाही. दलित, आदिवासी, मुसलमान घरांतल्या मुली या खेळाच्या दारापर्यंत किती येतात, आणि दारातून आत किती, हा रकाना आपल्याकडे कुणी भरतच नाही. ऑस्ट्रेलियात निदान एकसष्ट वर्षं असा आकडा सांगता येतो, कारण तिथे कुणीतरी मोजलं.

आता खेळाबद्दलही बोलते, नाहीतर म्हणाल, क्रिकेटचं नाव सांगून भाषण दुसरंच केलं.

वानखेडेच्या त्या कसोटीआधी जाणकार जे सांगत होते ते चूक नव्हतं. ऑस्ट्रेलियाची फलंदाजी खोल, आठव्या नवव्या क्रमांकापर्यंत धावा काढणारी. एलिस पेरी, ताहिलिया मॅक्ग्रा, सदरलँड, गार्डनर अशा फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्या चौघी एकाच संघात. आपली बाजू फिरकी : दीप्ती शर्मा आणि स्नेह राणा ऑफस्पिन टाकणाऱ्या, राजेश्वरी गायकवाड डावखुरी. दोन्ही संघांची एक उणीव मात्र सारखी होती आणि ती फार थोड्यांनी लिहिली. दोघींनाही लांब खेळाची सवय नव्हती. ऑस्ट्रेलियात राज्यसंघांच्या बायका पन्नास आणि वीस षटकांचेच सामने खेळतात. आपल्याकडची अनेक दिवसांची देशांतर्गत स्पर्धाही २०१८ नंतर बंद होती, ती पुन्हा सुरू झाली २०२४ मध्ये, पुण्यात. म्हणजे परीक्षा घेणार पण वर्ग भरवणार नाही. अशा बायका दिवसाला शंभर षटकं मैदानात उभ्या राहून कसोटी खेळतात आणि वर टीका होते, की बायकांना तेवढा दम नाही.

दम कसा असतो ते त्या आठवड्यात दिसलं. आधी नवी मुंबईत इंग्लंडला आपण ३४७ धावांनी हरवलं, धावांच्या हिशेबात बायकांच्या कसोटीतला तोपर्यंतचा सर्वांत मोठा विजय. मग चारपाच दिवसांतच वानखेडे. ऑस्ट्रेलिया पहिल्या डावात २१९. आपल्या ७ बाद २७४ झाल्या होत्या, सामना कुठेही झुकला असता. तिथे दीप्ती आणि पूजा वस्त्राकार या दोघींनी आठव्या जोडीसाठी १२२ धावा जोडल्या. मला त्या सामन्यातली हीच भागीदारी सर्वांत आवडली. चौकार षटकारांची आतषबाजी नव्हती. स्वयंपाकघरात दोघी जणी न बोलता शंभर माणसांचं जेवण उरकतात, तसं चाललं होतं. (स्वयंपाकघराचीच उपमा सुचली, काय करणार, वळण जात नाही!) भारताच्या ४०६ झाल्या. तिसऱ्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया ५ बाद २३३, म्हणजे ४६ धावांनी पुढे आणि पाच बळी शिल्लक. चौथ्या सकाळी ते पाच बळी २८ धावांत गेले. आपल्याला ७५ हव्या होत्या, दोन गडी गमावून काढल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिला कसोटीविजय, १९७७ पासून मोजलं तर सेहेचाळीस वर्षांनी.

सामन्यात सात बळी घेणारी स्नेह राणा सर्वोत्तम ठरली. ही मुलगी पाच वर्षं संघाबाहेर होती. २०२१ मध्ये परत आली ती वडील गेल्यावर दोन महिन्यांनी, आणि ब्रिस्टलला पहिल्याच कसोटीत नाबाद ८० करून तिनं सामना वाचवला. वानखेडेच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'सामनावीर स्नेह राणा' असं छापून आलं. आमच्या गटात त्यावर अर्धा तास चर्चा झाली, की 'वीर' चालेल का. इंग्रजीत २०२१ मध्ये फलंदाजासाठीचा पुरुषवाचक शब्द नियमांतून काढला, त्याचा केवढा गाजावाजा झाला. आपला 'फलंदाज' तर पहिल्यापासून दोघांनाही चालतो. फक्त पुढं 'बाद झाली' म्हणताना अजून कित्येक समालोचकांची जीभ अडखळते.

आणखी एक गोष्ट सांगते. सामना संपल्यावर आपला संघ करंडकासह फोटो काढत होता. तेव्हा हरलेल्या संघाची कप्तान अॅलिसा हिली कॅमेरा घेऊन पुढं आली आणि तिनंही त्यांचे फोटो काढले. 'प्रतिस्पर्धी' या शब्दाबद्दल माझ्या मनात जी अढी होती ती त्या दिवशी थोडी सैल झाली. या मुली एकमेकींना चांगल्या ओळखतात. २०२३ पासून आपल्याकडच्या लीगमध्ये एकाच संघात खेळतात, एका खोलीत बसून जेवतात. अर्थात त्याच लीगमुळे वर्षाचं वेळापत्रक इतकं भरतं, की कसोटीला तारीख मिळत नाही. पाच संघ साडेचार हजार कोटींच्या वर विकले गेले, पैसा आला, मुली स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, आणि कसोटी मात्र 'परवडत नाही' म्हणून बाजूला पडते. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. यातून सोपं उत्तर निघत नाही आणि मी ते काढतही नाही.

शेवटचा रकाना भरायला मला नको वाटतो, पण तो टाळला तर या व्यासपीठावर उभं राहण्यात अर्थ नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विश्वचषक आपल्याकडे होता. इंदूरला ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू हॉटेलमधून चालत कॅफेकडे निघाल्या, तेव्हा मोटरसायकलवरच्या एका माणसानं त्यांचा विनयभंग केला. त्याला अटक झाली. पण पाठोपाठ राज्याच्या एका मंत्र्याचं म्हणणं आलं, की बाहेर पडताना खेळाडूंनी कळवायला हवं होतं, त्यांनीही यातून धडा घ्यावा. जगज्जेत्या संघातल्या खेळाडू, सोबत सुरक्षाव्यवस्था, पाठीशी मंडळ, युनियन, करार, सगळं असताना दोनशे पावलं चालल्या म्हणून दोष त्यांचा! त्या दिवशी तक्त्यातली डावी आणि उजवी बाजू एक झाली. आपल्या वस्तीतली सातवीतली मुलगी मैदानावर जात नाही तेव्हा तिची आई मला हेच कारण सांगते : ताई, रस्ता.

त्यानंतर आठवड्याभरात, ३० ऑक्टोबरला, नवी मुंबईत उपान्त्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा आपण पार केल्या. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. बायकांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कुणी केला नव्हता. २ नोव्हेंबरला विश्वचषक आपल्या हातात आला. आमच्या वस्तीत त्या रात्री फटाके वाजले, पहिल्यांदाच बायकांसाठी. २०२० च्या ८ मार्चला, महिला दिनालाच, मेलबर्नला ८६,१७४ माणसांसमोर हेच दोन संघ अंतिम सामना खेळले होते आणि आपण हरलो होतो, तेव्हा मी आणि दोन मैत्रिणी एवढ्याच बघत होतो. बाकीच्या मोर्च्याच्या तयारीत होत्या, आणि मला त्याबद्दल टोमणेही बसले.

फटाके वाजल्याच्या दुसऱ्या सोमवारी आमच्याकडे अकरा मुली आल्या. आम्हाला खेळायचंय म्हणाल्या. जवळच्या सार्वजनिक मैदानावर संध्याकाळी मुलांच्या तीन टोळ्या असतात, खेळपट्टी त्यांची, कोपरा त्यांचा, भिंतही त्यांची. आम्ही अर्ज केला, की आठवड्यातले दोन दिवस, पाच ते सात, मैदान मुलींना मिळावं. उत्तर आलं, की मैदान सर्वांसाठी खुलं आहे, वेगळी वेळ देण्याची गरज नाही. सर्वांसाठी खुलं! मग आम्ही तीन आठवडे रोज मैदानावर वही घेऊन बसलो. किती मुलगे, किती मुली, किती वाजता, दिवे कधी लागतात, मुतारीला कुलूप कधी असतं, सगळं लिहिलं. मुलींच्या रकान्यात एकवीसपैकी सतरा दिवस शून्य आहे. ती वही मी सोबत आणली आहे, जेवणानंतर ज्यांना पाहायची त्यांनी पाहा. दुसरा अर्ज त्या वहीसह मंगळवारी द्यायचा आहे, आणि त्यावर आया आणि मुली दोघींच्या सह्या हव्यात. तुमच्या गावात असं मैदान असेल तर तिथलीही मोजदाद करून पाठवा. कागद कसा आखायचा तो नमुना सुनंदाताईंकडे ठेवला आहे.

आता तुमचे प्रश्न. क्रिकेटमध्ये पडू नये म्हणणारी मैत्रीण आधी.